अक्काबाईची नजर

वरची दाढ काढली की नजर जाते, असं अंथुर्ण्यातल्या साऱ्या बाया सांगत. शेजारच्या द्वारकाबाई तर शपथेवर सांगत. म्हणून गावाच्या वाकळा शिवणाऱ्या सत्तरीच्या अक्काबाईनं अख्खा उन्हाळा दाढेत लवंग धरून काढला. शेवटी ठणका मस्तकात गेला तशी ती तडकली. नातीला म्हणाली, "दिशा, काढ गाडी. डोळं गेलं तर गेलं, पण ही अवदसा आज तोंडातनं गेली पायजे."

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ उपटली, जागेवर कापसाचा बोळा ठेवला आणि बजावलं, "आजी, तासभर घट्ट दाबून धरा. अजिबात बोलायचं नाही."

घरी आली तर ओट्यावर बाया जमलेल्या. द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावून बोटं नाचवली. "अक्का, किती हायती सांग बरं?"

तोंडात बोळा, अक्काबाई बोलणार कशी? बाया हळहळल्या, "गेली गं बाई नजर!"

अक्काबाईनं रागानं अर्धवट वाकळ पुढ्यात ओढली, सुई उचलली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ पडत गेले. बाया माना लांब करून टाके बघू लागल्या.

तास भरला तसा तिनं बोळा काढला आणि बऱ्या बाजूच्या दातांनी दोरा तोडला.

"द्वारके, उद्या तू बसायचं दिशाच्या गाडीवर. आन् पदर काढ आता. तुझा सुजल्याला गाल मला मगाधरनं दिसतुया."