एक आड एक

चतुर्थीचे गणपती पोचवले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. गोवा राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. हजर: दादा, वहिनी, खाणीवर काम करणारे बेळगावकडचे मामा आणि वही घेऊन मी.

जागा: सुर्ल्याची आमची मोरड, टेकडीच्या उतारावरची, पावसावरची जमीन. वरच्या अंगाला खाणीच्या मातीचा ढीग. दादाने सरळ सांगितलं, "शिगम्यापर्यंत कापूस दिसला तर ठेवतो. नाहीतर खाणीला माती टाकायला देतो. शेजाऱ्यांनी दिलीच आहे."

मामांनी गावाहून दोन जातींची सरकी आणली होती. "ही सरळ वाढती, दीड फुटावर टोका. ही दुसरी हातपाय पसरती, तिला तीन फूट सोडा. दाटी केलीसा तर नुसता पाला बघत बसाल, ताई."

मी दोरीला गाठी मारल्या, ओळी मोजून लिहिल्या. वहिनीला हसू आवरेना. "इतकी उक्ती, मोकळी भुंय? मामा, तुमच्या कापसाक निजूक खाट घालू काय?"

आठव्या दिवशी रोपं वर आली. तीन फुटांच्या ओळींत दर दीड फुटावर कोंब! भाताच्या लावणीत सुटलेली जागा आमच्या बायका दुसऱ्या दिवशी भरतात. वहिनीने उरलेली सरकी तशीच मधल्या जागांत टोकली होती.

मामांनी कपाळाला हात लावला. "एक आड एक उपटा. आजच."

"जित्या रोपाक हात लावू नये गो," वहिनी मला म्हणाली. "शेत रुसता."

मी वहीत लिहिलं: विरळणी, शनिवारी. शनिवारी पाऊस होता. पुढच्या शनिवारी रोपं इतकी तजेलदार दिसली की माझाही हात पुढे झाला नाही.

दर रविवारी मी बांधावरच्या फणसापासून ढिगाच्या पायापर्यंत पावलं मोजत होते. चोवीस. एकोणीस. अकरा. पानांवर तांबडी धूळ बसे, दंवाने तिचा लेप होई. पसरणाऱ्या जातीच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या. आत ना वारा, ना ऊन. खालची बोंडं काळी पडून, न उघडताच गळू लागली. सरळ जातीने बरा कापूस दिला, पण तिच्या चारच ओळी होत्या. कोपऱ्यात खडकाजवळ, जिथे वहिनीची सरकी संपली होती, तिथलं एकटं झाड मात्र पांढरंशुभ्र फुटलं. मामांनी त्याची बोंडं दोनदा मोजली.

शिगम्याच्या आदल्या दिवशी दादाने टोपलीत हात घातला. कोपरही बुडालं नाही. "ही भुंय कापसाची न्हयच," तो म्हणाला. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी वही मिटली.

जूनअखेर फणसाचा फक्त शेंडा मातीवर दिसत होता.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावरच्या सगळ्या कामांपुढे खूण आहे, फक्त विरळणीपुढे नाही. तिच्याखाली मी नंतर लिहिलेली एक ओळ आहे: जमीन वाईट नव्हती, हे दादाला सांगणे. तिच्यापुढेही नाही.