आबांचं एकोणिसावं प्रकरण

मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारा माणूस प्रेमळ असतो, गोष्टीवेल्हाळ असतो, खिशात लिमलेटच्या गोळ्या बाळगतो, असा ज्यांचा समज असेल आणि त्यांना तो टिकवायचा असेल, त्यांनी धरणगावला माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना भेटायला जाऊ नये. आबांइतका मुलांना घाबरणारा माणूस मी अख्ख्या खानदेशात पाहिलेला नाही. मोठ्यांचं त्यांना काही वाटत नाही. समीक्षकाने झोडपलं तर त्याच कागदावर ते शेंगा सोलतात. पण सातवीतल्या पोराने जांभई दिली की आबांना जेवण जात नाही.

आयुष्यभर ते जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायला होते. चिमूटभर रुई घ्यायची, ओढायची, आत सरकीचा दाणा राहिलाय का बघायचं आणि धागा किती निघेल ते सांगायचं. निवृत्त होऊन कादंबऱ्या लिहू लागले तरी ती चिमूट काही सुटली नाही. त्यांचं अक्षर फक्त मला लागतं, म्हणून कादंबरी पुरी झाली की टाइप करायला माझ्याकडे धुळ्याला येते. एकदा त्यातलं सूर्यास्ताचं वर्णन मला फार आवडलं आणि मी तसं बोलून बसलो. आबांनी माझ्याकडून तो परिच्छेद मोठ्याने वाचून घेतला. "रुई बरी शे, पण सरकी ऱ्हायनी. काढा."

"आबा, इतकं सुंदर लिहिलंय!"

"धुळेकर, पोरगं विहिरीत अडकलंय आणि तुम्ही आकाश बघताय?"

सूर्यास्त गेला.

मोठी माणसं गोष्टीतून लवकरात लवकर घालवायची, हा त्यांचा नियम. मोठा माणूस जवळ असला की तोच पोरांचा प्रश्न सोडवून टाकतो आणि कादंबरी बसते. "गोष्टीतूनच काय, लिहायला बसले की घरातूनही आम्हाला घालवतात," असं बहीण म्हणते. शिवाय स्वतः न तुडवलेला रस्ता लिहायचा नाही. एका कादंबरीत दोन मुलं सायकलने तापीपर्यंत जातात, तर अडुसष्टाव्या वर्षी हे सायकल काढून निघाले. जाताना धड गेले, येताना केळीच्या टेम्पोत सायकलीसकट घडांच्या मधोमध बसून आले. गुडघा टम्म सुजलेला, पण स्वारी खुशीत. "भूक तिसऱ्याच गावाशी लागते. मी त्यांना पाचव्या गावी जेवायला बसवलं होतं. उपाशी मारली असती पोरं!" बहीण गुडघ्याला हळद लावत होती आणि हे चौथ्या प्रकरणात कळण्याची भाकरी घालत होते.

खरी परीक्षा बुधवारी. गावातल्या शाळेत वाचनाच्या तासाला सातवीची मुलं सतरंजीवर बसतात आणि आबा नवं प्रकरण वाचून दाखवतात. मी एकदा मागे जाऊन बसलो. वाचताना त्यांची नजर मुलांच्या पायांवर होती. "चेहरा गुरुजींना भितो," ते नंतर म्हणाले, "पाय कोणाला भीत नाही." अंगठा वळवळला की समासात फुली. सात फुल्या पडल्या की प्रकरण फाडायचं.

गेल्या वर्षीच्या कादंबरीपर्यंत हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. हात आता कापतो, ही शेवटची, असं आबांनी आधीच सांगितलं होतं. तिच्यातल्या मुलीचे वडील कामासाठी सुरतेला जातात आणि एकोणिसाव्या, शेवटच्या प्रकरणात परत येतात. मी फोनवर सांगितलेली गोष्ट पुण्याच्या प्रकाशकांना इतकी आवडली, की सुट्टीच्या आधी पुस्तक काढायचं ठरवून त्यांनी मुखपृष्ठाचं चित्रसुद्धा करून घेतलं: स्टेशनवर बाप आणि लेक. शाळेत एकोणिसावं प्रकरण वाचलं तेव्हा एकही फुली पडली नाही. आबा वही मिटणार, तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली.

"आबा, हाई खोटं शे."

"काय खोटं शे, बेटा?"

"असा कोनी येत नही. मना बाप सुरतले शे. फोन येस, तो नही येस."

गुरुजी तिला गप्प करायला निघाले, तर आबांनी गुरुजींनाच खाली बसवलं. घरी येऊन प्रकरण फाडलं. प्रकाशक चिडले. "एका मुलीसाठी?" आबा म्हणाले, "साहेब, पुस्तक एका वेळी एकच पोर वाचतं."

नव्या प्रकरणाला चार महिने लागले. त्यात बाप येत नाही. मुलगी त्याची सायकल बाहेर काढते, सीट आपल्या उंचीला खाली करून घेते आणि बाजाराला जाते. हे ऐकून खिडकीजवळची ती मुलगी तास संपल्यावर आबांकडे आली. "हाई वही घर लई जाऊ का? मायले वाची दखाडसू."

आबा झेरॉक्स काढत नाहीत. झेरॉक्स निघाली की माणूस बदल करायला आळसतो, असं त्यांचं मत. म्हणजे जगात ती कादंबरी तेवढ्या एका वहीत. सुनेलाही जिला हात लावू देत नाहीत, ती वही त्यांनी देऊन टाकली.

तीन आठवडे झाले. सुट्टी तोंडावर आली, प्रकाशक निर्वाणीचं बोलू लागले, तेव्हा मी धरणगाव गाठलं. "आबा, मी मागून आणतो. दोन दिवसांत टाइप करतो आणि तिला परत नेऊन देतो."

"नको."

"पुस्तक हातचं जाईल. शेवटचं आहे."

आबा म्हणाले, "काल विचारलं तिला, कुठवर आलं म्हणून. सुरुवातीच्याच पानांवर आहेत. आईला वाचता येत नाही, पोरगी वाचते. गोष्टीतला बाप अजून घरातच आहे. पोरगी पुढे जायला लागली की आई म्हणते, तेच परत वाच."

एवढ्या फटकळ माणसासमोर डोळे पुसायची सोय नसते, म्हणून मी उठून पाणी प्यायलो. परतीच्या बसमध्ये प्रकाशकांचा फोन आला. वही कुठे अडली, असं ते विचारत होते. वाचकाकडे आहे, त्यांचं वाचून व्हायचंय अजून, एवढंच मी सांगितलं.