टाचा टेक

माझ्या वहिनीशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, आणि मी तिची नणंद असल्यामुळे हरण्याचा सगळ्यांत जास्त सराव मला आहे. ती शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत तिची दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि भिंतीशी रचलेले कापडाचे तागे आहेत. दाराजवळ टाचण्यांनी भरलेली एक उशी असते, तिच्यावर घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी हात टेकतोच. शाळांचे गणवेश आणि नर्सबाईंचे एप्रन ती पोटासाठी शिवते. चर्चमधल्या मुलांचे गाण्याचे झगे कशासाठी शिवते, हे विचारायची सोय नाही. वीस वर्षं ते काम तिच्याकडे आहे आणि झग्यांच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात असते.

झगे एकूण पंधरा. पांढरे, निळ्या कॉलरचे, आतून नंबर घातलेले. एक नंबर सगळ्यांत लहान, पंधरा सगळ्यांत मोठा. दर तीन महिन्यांनी रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत मापं घेतली जात. मुलाने झगा घालून कपाटाच्या दाराला पाठ लावून उभं राहायचं. झग्याची कड घोट्याच्या वर चार बोटं गेली की वहिनी म्हणायची, "मोठा झालास. आता हा परत." मग मुलाने झगा काढायचा, घडी घालून कपाटात ठेवायचा आणि पुढचा नंबर घ्यायचा. मुलांना त्याचं भारी अप्रूप. पुढचा नंबर लवकर मिळावा म्हणून ती हळूच टाचा उचलायची. वहिनी वर बघायचीसुद्धा नाही. "टाचा टेक," म्हणायची आणि खडूने पायाला टोचायची. त्याच चर्चमध्ये मी पायपेटी वाजवते, म्हणून सांगते, वीस वर्षांत तिला एकही पोर फसवू शकलं नाही.

वहिनीला मूल नव्हतं. दादा, म्हणजे माझा भाऊ, बस डेपोत मेकॅनिक. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. चौदा वर्षं वाट पाहून झाल्यावर एका सकाळी वहिनीने दत्तक केंद्राचा फॉर्म त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि त्याने चहा बाजूला सारून सही केली. घरात चर्चा म्हणून एवढीच झाली. पुढे तीन वर्षं हेलपाटे. केंद्रातल्या बाईंनी विचारलं, तान्हं बाळ हवं का? वहिनी म्हणाली, "मूल हवं. किती उंचीचं ते तुम्ही बघा."

आलं ते सहा वर्षांचं. पहिल्या दिवशी ती पोर कापायच्या टेबलाखाली जाऊन बसली, तिथला बटणांचा डबा तिने उपडा केला आणि संध्याकाळपर्यंत सगळी बटणं रंगाप्रमाणे रांगेत लावली. दादा कामावरून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ही तर बटण आहे." झालं, तेच नाव पडलं. ती सगळ्यांना अहोजाहो करायची. वहिनीला तुम्ही, दादाला तुम्ही. माझ्या पायपेटीला बोलता आलं असतं तर तिलाही तुम्हीच म्हणाली असती.

पहिले तीन महिने पोरगी नुसती खात सुटली. सकाळी दोन अंडी, वर पाव, वर दूध, आणि दुधाची मिशी तशीच ठेवून शाळेत. चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बन मिळतो, तोही फस्त. गाण्यात आवाज लहान, पण सुराला पक्की. वहिनीने तिला दोन नंबरचा झगा दिला होता. मापांचा रविवार आला आणि झगा घोट्याच्या वर चार बोटं गेलेला निघाला. वहिनीचा ऊर भरून आला. तिचा आवाज मी एरवी कधी कापरा झालेला ऐकला नाही, त्या दिवशी झाला. "मोठी झालीस. आता हा परत." आम्ही टाळ्या वाजवल्या. बटणने झगा काढला आणि इतकी सुरेख घडी घातली की मी मनात म्हटलं, काय वळण आहे पोरीला. माझ्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडं.

दुसऱ्या दिवसापासून अंडं अर्धं राहायला लागलं. मग दूध. मग ताटात सगळंच जिथल्या तिथे. "पोट भरलं," एवढंच म्हणायची आणि ताट स्वतः उचलून ठेवायची. दादाने पावाच्या होड्या करून सूपमध्ये सोडल्या. तिने त्या हसून पाहिल्या आणि एकही बुडवली नाही. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, पुढच्या वेळी वजन केलं, तर दीड किलो कमीच. मी म्हटलं, नखरे आहेत, दोन दिवस लक्ष देऊ नका. त्यावर वहिनीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी माझंच जेवण अर्धं सोडलं. तिचा जीव टांगणीला लागला होता. मशिनवर बसायची आणि पायंडल मारायचं विसरायची.

त्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याच्या शेवटी, पुन्हा मापांच्याच रविवारी, दुसऱ्या गीताच्या मधोमध माझ्या पायपेटीचं डावं पायंडल अडकलं. दाबते तर जाईना. मी एका पायावर गीत कसंबसं ओढत नेलं, तोंडाने आमेन म्हटलं, मनात काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उपासना संपल्यावर खालची फळी उघडली. आत बन. वाळून दगड झालेले, चांगले अकरा.

"उंदीर," गाणं शिकवणारे मास्तर म्हणाले. हे निवृत्त शिक्षक, सगळ्याचं उत्तर पहिल्याच झटक्यात देणारे.

"मास्तर, उंदीर खातो," वहिनी म्हणाली. "रांगेत लावून ठेवत नाही."

बन खरोखरच रांगेत होते. लहान ते मोठे. अशी रांग लावणारं आमच्या ओळखीत एकच माणूस होतं.

त्यानंतर लगेच मापं. बटणची पाळी आली. तीन नंबरचा झगा घालून ती दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि झग्याची कड जमिनीवर लोळायला लागली. मागच्या वेळी हाच झगा घोट्यापर्यंत होता. तीन महिन्यांत मूल आखूड झालं? वहिनीने दोनदा माप घेतलं. सवयीने म्हणाली, "टाचा टेक." टाचा टेकलेल्याच होत्या. मग तिने झग्याची कड वर उचलली.

आत गुडघे वाकवलेले होते. वाकवून वाकवून पाय लटलट कापत होते.

मागे उभी असलेली पोरं हसली. वहिनीने वळून बघितलं आणि खोली रिकामी झाली. मी गेले नाही, मला घालवायला त्याहून मोठी नजर लागते. वहिनी खाली फरशीवर बसली.

"पाय दुखत असतील ना? सरळ उभी राहा."

"मी सरळच आहे."

"बटण."

"खरंच सरळ आहे. तुम्ही बघा ना. मी तेवढीच आहे. मी नाही वाढले."

"आणि वाढलीस तर काय होईल?"

पोरीने कपाटाकडे बघितलं. "परत," ती म्हणाली.

केंद्राने दिलेल्या फाइलमध्ये ते लिहिलेलं होतं, आणि आम्ही तिघांनी ती फाइल वाचलेली होती. तान्ह्या मुलांच्या घरातून पोर मोठी झाली म्हणून दुसरीकडे हलवली. तिथून एका जोडप्याने नेली आणि चार महिन्यांनी आणून सोडली. कारणाच्या रकान्यात एक ओळ होती: वाटली त्यापेक्षा मोठी दिसते. ते जोडपं मला कुठे भेटलं तर पायपेटी उचलून त्यांच्या पायावर टाकायची माझी तयारी आहे. पण त्या दिवशी मला राग स्वतःचाही आला. टाळ्या मी वाजवल्या होत्या.

घरी आल्यावर वहिनीने तिला मांडीवर घेतलं आणि स्पष्ट सांगितलं. तुला कुणी परत नेणार नाही, आम्ही देणार नाही, कागदावर कोर्टाचा शिक्का आहे. बटणने सगळं ऐकलं, "हो" म्हणाली, आणि रात्री ताटातला बटाटा तसाच ठेवला. असं "हो" तिने आधीही बऱ्याच जणांना म्हटलं असणार.

"बोलून भागणार नाही," वहिनी मला म्हणाली. "वीस वर्षं मीच मुलांना हे शिकवलंय. मोठं व्हा आणि परत करा. आता मलाच ते उसवायला हवं."

सोमवारी ती मास्तरांच्या दारात. मी सोबत, कारण तिने मला विचारलंच नव्हतं.

"झगे परत घेणं बंद," वहिनी म्हणाली. "मुलाला एकदा झगा दिला की तो त्याचा. वाढेल तसा मी वाढवीन."

"अहो, पण नियम आहे."

"नियम मी केला होता."

"एका मुलीसाठी पंधरा झगे बदलायचे? तिला हवा तर वेगळा शिवा."

"वेगळीच तर ती आजवर होती, मास्तर. माझ्याकडे पाच आठवडे आहेत. वर्धापनदिनाच्या उपासनेला सगळी मुलं नवे झगे घालून उभी राहतील. तुम्ही गाण्याचं बघा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या छताकडे पाहिलं. वहिनी ठरवून आली की मध्ये पडण्यात अर्थ नसतो.

मग आमच्या पुढच्या खोलीत जे काही चाललं त्याला शिवणकाम म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं होतं. जुने झगे उसवून त्यांना खाली नवं कापड जोडायचं, आणि मग ते सगळं कापड दुमडून वर घ्यायचं. एका झग्याला सहा दुमडी, प्रत्येक चार बोटांची, एकावर एक, कच्च्या टाक्याने. खांद्याला चुण्या, बाहीला दुमडी. मूल वाढलं की एक दुमड सोडायची. उसवायचं काम माझ्याकडे आलं. संगीताची बोटं आहेत ही, मी म्हटलं. "मग तालात उसवा," वहिनी म्हणाली. दादा डेपोतून येऊन इस्त्री करायचा आणि त्याच्या इस्त्रीला ग्रीसचा वास यायचा. पहिला झगा बिघडला, दुमडींच्या वजनाने कॉलरच खाली आली. वहिनीने तो पुरा उसवला, जाड सुती कापड बाजूला ठेवून हलकं आणलं आणि पुन्हा कापायला बसली. तिसऱ्या आठवड्यात तिचा अंगठा सुजला. ती डाव्या हाताने कापायला शिकली. बटण टेबलाखाली बसून टाचण्या वेचायची.

शेवटी बटणचा झगा उरला. वहिनीने तिला बाहेर बोलावलं आणि टेप तिच्या हातात दिला.

"माप घे."

"कुणाचं?"

"माझं. खांद्यापासून घोट्यापर्यंत. स्टुलावर चढ."

बटण चढली. टेप दोनदा हातातून सुटला. आकडा तिने मोठ्याने वाचला आणि वहिनीने तोच आकडा कापडावर खडूने लिहिला. अख्खं कापड, मोठ्या बाईच्या मापाचं.

"हा तर तुमचा झाला," बटण म्हणाली.

"तुझा आहे. आत्ता दुमडून तुझ्याएवढा करू. दरवर्षी सोडत जाऊ. तू माझ्याएवढी होशील तेव्हाही हाच अंगावर असेल."

बटणने कापडाकडे बघितलं, मग वहिनीकडे, खालून वरपर्यंत, हिशेब केल्यासारखं.

"आणि त्याच्यापेक्षा पण मोठी झाले तर?"

"तोपर्यंत मी म्हातारी होऊन आखडलेली असेन. मग माझे झगे दुमडायला कोण आहे? तूच ना?"

पोरगी स्टुलावर उभी राहून विचार करत राहिली. मग ती म्हणाली, "मला शिवायला येत नाही."

"म्हणून तर आत्तापासून शिकायचं," वहिनी म्हणाली आणि तिला सुईत दोरा ओवायला दिला. त्या झग्याला दुमडी सहा नव्हे, अकरा पडल्या. सर्वांत खालची बटणने स्वतः घातली. टाके वाकडे आहेत. वहिनीने, जी एक वाकडा टाका दिसला तर अख्खी बाही उसवते, त्याला हात लावला नाही.

त्या रात्री अंडं पुरं संपलं. दादाने दुसरं तिच्या ताटात सरकवलं, तेही गेलं. वर्धापनदिनाला पंधरा मुलं नव्या झग्यांत उभी राहिली, आणि पांढऱ्या गाद्या गुंडाळून ठेवल्यासारखी दिसली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मास्तरांनी डोळे पुसले आणि वर धूळ फार आहे म्हणाले. कपाटात आता गीतांची पुस्तकं असतात. किल्ली वहिनीने गळ्यातून काढून खिळ्याला टांगली.

परवा पुन्हा मापांचा रविवार होता. आता दर तीन महिन्यांनी परत काही जात नाही, फक्त कुणाची दुमड सोडायला आली ते बघायचं. मी पायपेटीवरून बघत होते. बटण कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. कड घोट्याच्या वर तीन बोटं होती. मला दिसलं, म्हणजे वहिनीला तर दिसलंच असणार. आणि मग कड हळूहळू वर जायला लागली.

झग्याच्या खाली टाचा उचललेल्या होत्या. चवड्यांवर तोल सावरताना तिचे पाय थरथरत होते आणि तोंड अगदी साळसूद होतं.

"आई, किती झालं? बघ ना नीट."

वहिनीचा खडू हातात तसाच थांबला. वीस वर्षांत तिला एकही पोर फसवू शकलं नाही असं मी वर लिहिलं आहे, ते आता खोडायला हवं.

"चार बोटं," वहिनी म्हणाली. "पक्की चार." तिने छोटी कात्री घेतली आणि पहिल्या दुमडीचे टाके एकेक करून तोडले. कापड खाली सुटून घोट्यांवर आलं, आणि टाचा तेव्हाही वरच होत्या.