मापाचे हातमोजे

बागेत तिला सगळे 'तोफ' म्हणत, पण तोंडावर म्हणायची हिंमत फक्त धाकट्या जावेची. द्राक्षाची काडी कुठे कापायची हे तिला कोणी सांगायला गेलं, तर ती कात्री त्याच्याच हातात द्यायची. "घ्या, तुम्हीच कापा."

त्या सकाळी निम्मी छाटणी उरकली होती. मागून बायका छाटलेल्या काड्यांना फडक्याने पेस्ट लावत येत होत्या. ती लावली की सगळ्या बागेला एकदम कोंब फुटतात. हाताला लागली की कातडी जळते.

जावेची बोटं दिसली आणि तोफेचं डोकंच फिरलं. सालपटं निघालेली.

"काल तुझ्या बाळाला कोणी घेतलं?"

"सासूबाईंनी. मला धरवेना."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"बोलले असते तर तू भांडली असतीस."

"भांडतेच आता!" तिने कात्री तारेला अडकवली. "बसा गं सगळ्या! हातमोजे आल्याशिवाय एका काडीलाही पेस्ट लागणार नाही."

मालक धावत आला. छाटलेली काडी तशीच राहिली तर बाग मागेपुढे फुटते, पुढचा सगळा हंगाम बिघडतो, हे त्याला पक्कं ठाऊक.

"ताई, दरवर्षी लावताच ना? आजच काय बिनसलं?"

"दरवर्षी गप्प बसलो, तेच बिनसलं."

"संध्याकाळी बघू."

"बघा. तोवर आम्ही बसतो."

पुटपुटत त्याने गाडी काढली. गठ्ठा आणला तो पुरुषी मापाचा. एकीने मोजा चढवला आणि हात हलवला. "अगं, यात माझ्या दोन्ही नणंदा मावतील!"

सगळ्या हसल्या. तोफ हसली नाही. ढगळ मोज्यात मनगटाकडून पेस्ट उतरते आणि आतच बसून जाळते. तिने गठ्ठा त्याच्या अंगावर भिरकावला.

"आम्हाला गप्प बसवायला आणलेत का? हे हात बघा आणि मापाचे आणा!"

ऊन चढत होतं. मालकाने छाटलेल्या ओळींकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि सगळा राग गाडीच्या किकवर काढला.

दुसऱ्या खेपेला माप बरोबर आलं. बायका उठल्या. जाऊही उठायला लागली, तसं तोफेने तिला खांदा दाबून खाली बसवलं.

"तू बस. तुझी ओळ मी लावते."

"बसणार असेल तर तिची हजेरी..." मालक म्हणाला.

"लागेल! हात तुमच्या बागेत जळलेत, तिच्या माहेरी नाही."

त्याने खिशातून वही काढून तिची हजेरी मांडली. तोफ मोजे चढवू लागली. संतापाच्या भरात एका खणात दोन दोन बोटं शिरत होती.

"तोफे, दे इकडे, मी धरते," जाऊ म्हणाली.

"हात लावशील तर बघ!"