अकरा वेळा एक

शेवटचं बोलणं झालं तेव्हा मोठ्या जाऊबाई उशीला टेकून बसल्या होत्या. "सुमन, माझ्यामागं तू चालव वं," म्हणाल्या, "आता अर्धंच राहिलं." त्या संसाराबद्दल नाही, भागाकारांबद्दल बोलत होत्या. त्यांना जाऊन आता महिना होत आला…

त्या काटोलच्या, संत्र्यांच्या बागा असलेल्या घरातल्या. इंटरला गणित शिकत असतानाच लग्न झालं आणि पुस्तकं माहेरीच राहिली. सत्तरच्या आसपास मी नागपूरच्या या घरात धाकटी सून म्हणून आले. मराठी घेऊन बी.ए. झालेली, आकड्यांना बिचकणारी. एका दुपारी त्यांनी पाटीवर ओळीनं अकरा एक लिहिले. "अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा! हे कशानंच भागत नसन. पाहू." अविभाज्य संख्यांची यादी त्यांनी वहीत काढली होती. लाखाच्या थोडं पुढंपर्यंत कुणी भागलं नाही, तर पुढं बघायचं कारण नव्हतं; त्याहून मोठ्या संख्येनं भाग गेला असता, तर तिची जोडीदार आधीच सापडली असती. जेवणं उरकली की रोज दोनतीन भागाकार, दोघींचे वेगवेगळ्या पाट्यांवर. बाकी जुळली तरच संख्या खोडायची. सासूबाई म्हणायच्या, "काय शोधून राहिल्या वं दोघी? एवढ्यात दोन बरण्या लोणचं झालं असतं." जाऊबाई मान वर न करता म्हणायच्या, "लोणचं संपते, आई."

एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासला माझी बाकी शून्य आली. त्यांची सातशे बारा. मी पदरानं शून्य पुसलं आणि सातशे बारा लिहिलं. धाकटीचंच चुकलं असणार, हे तोवर अंगवळणी पडलं होतं. पुढं शंका यायची, पण पुन्हा करून पाहिलं नाही. शून्य खरं निघालं असतं, तर आमच्या दुपारी संपल्या असत्या… अशी काही वर्षं गेली.

त्या दिवशी "चालव" म्हणाल्या आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

"पाटी आण."

मी भागत गेले, त्या ओळ न् ओळ बघत होत्या. बाकी शून्य. वर भागाकार पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.

"काहून बोलली नाही वं तवा?"

"तुम्ही मोठ्या."

"मोठी मी घरात. पाटीवर काहून?"

मला रडू फुटलं. तुमची इतकी वर्षं वाया घालवली, म्हटलं. त्यांचं लक्षच नव्हतं. "हा भागाकारही अविभाज्य हाय," त्या म्हणाल्या.

"तपासू?"

"तपासून झालं ना! याले एखादी लहान संख्या भागत असती, तर तिनं अकरा एकांलेही भागलं असतं. लहान तर सगळ्या खोडल्या आपण." मग खोकला येईपर्यंत हसल्या. "आता तेरा एक घे. बारा तर तिनानंच भागतात."

घेतले. परवा त्रेपन्नला शून्य आलं. जुळवायला दुसरी पाटी नव्हती. पुन्हा केलं, पुन्हा शून्यच. मग त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, "बाई, शून्य आलं."