पोर्चखालची खुर्ची

३ मे. देवळालीच्या आमच्या बंगल्याची डागडुजी चालू आहे. पोर्चच्या छताचे टेकू उद्या काढायचे. ग्रीक धाटणीच्या खांबांसाठी गवंडी चुना ढवळत होते; त्याच्या वासाने सासरे, म्हणजे दादा, आठवले.

मी नवी सून होते, तेव्हाही असेच टेकू निघायचे होते. दादा नेमके छताखाली खुर्ची टाकून बसले.

"दादा, उठा ना!"

"तू चहा टाक."

गवंड्याचा धसमुसळा हात एकदम हळू झाला. वर लाकूड करकरलं. शेवटचा टेकू निघाला. छत हललं नाही.

तेव्हा मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. गवंड्याने जपून काम करावं म्हणून ते बसले होते, हे आज कळलं.

४ मे. सकाळी टेकू काढायच्या आधी कंत्राटदार म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, काही होत नाही."

मी तीच खुर्ची पोर्चखाली ठेवली. म्हटलं, "मग बसा."