काळ्या काचेवर चकाकीचा हात

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला वॉर्निश मारायला?"

"अरे, भकास दिसत होत्या. काळ्या ठिक्कर. तशाच पाठवणार होतास काय?"

"तशाच पाठवायच्या होत्या बाबा, तशाच!"

मी आत भाकरी थापत होते आणि पडवीतलं सगळं ऐकू येत होतं. एक आवाज माझा धाकटा दीर दाजी याचा, दुसरा त्याच्या एकुलत्या एक पोराचा, नितेशचा. शेवटी नितेश म्हणाला, "यापुढे माझ्या कामाला हात लावू नका." त्यावर दाजी गप्प बसला. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण तिथंच फुटून वाहून गेलं असतं. तो गप्प बसला आणि तव्यावरची माझी भाकरी तेवढी जळली.

दाजी म्हणजे गणपती रंगवणारा. कासूजवळ आमचं गाव. पेणच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यांना तोटा नाही, पण डोळ्यांची आखणी म्हटली की लोक दाजीला बोलवायला यायचे. त्याची एक रीत होती. रंग झाला, दागिने झाले, डोळे झाले, की शेवटी चकाकीचा एक हात. त्याशिवाय मूर्ती दाराबाहेर जायची नाही. म्हणायचा, "बिनचकाकीची मूर्ती म्हणजे तोंड न धुता बोहल्यावर उभा राहिलेला नवरा."

रंगाची गन एकसारखी फिरवायची कशी, ते नितेश बापाकडेच शिकला. आणि त्याच हातामुळे त्याला मुंबईच्या एका प्रयोगशाळेचं काम मिळालं. काचांवर काळा रंग मारायचा, ग्राफाइटचा. दाजीने नाक मुरडलं. "देवाचे डोळे सोडून काचेला काळं फासतोय."

ते काम कशासाठी, ते नितेशने मला समजावलं ते असं. न्यूट्रिनो नावाचे कण सूर्यातून, आभाळातून सारखे येत असतात. तुमच्या-माझ्यातून, भिंतीतून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात. कुणाला धक्का नाही की रामराम नाही.

"म्हणजे आमच्या नणंदेच्या उलट," मी म्हटलं.

तो हसला. म्हणाला, कोट्यवधींत एखादा लोखंडाला आपटतो. मग तिथून दुसराच एक कण उडतो, आणि त्याची वाट मात्र पकडता येते. म्हणून लोखंडाच्या जाड पत्र्यांचे थर रचायचे आणि मधेमधे काचेच्या चपट्या पेट्या ठेवायच्या. दोन काचांच्या फटीत वायू आणि काचांवर जबर दाबाची वीज. कण गेला की बारीकशी ठिणगी पडते. ठिणगीला ठिणगी जोडली की तो कुठून कुठं गेला ते कळतं. ती वीज सगळ्या काचेवर सारखी पसरावी म्हणून वरून काळा रंग, ना कुठं जाड ना कुठं पातळ. आणि हे सगळं दक्षिणेत एका डोंगराच्या पोटात ठेवायचं. कारण आभाळातून दुसरेही कण धो धो येतात, त्या गर्दीत हा सापडायचा नाही. बाकीच्यांना डोंगर अडवतो, न्यूट्रिनो तेवढा आत येतो.

"म्हणजे डोंगराचं सूप करून पाखडायचं."

"व्हय काकी, तसंच."

पहिल्या काचा पास झाल्या. दुसऱ्या खेपेला नितेश खोकी बघायला नागोठण्याला गेला होता. काचा अंगणात वाळत होत्या. दाजी आला, उभा राहिला, काय वाटलं त्याला कोण जाणे. इतके दिवस नाक मुरडणारा माणूस, त्याने पोराच्या कामावर आपला चकाकीचा हात फिरवला. दुसरा आशीर्वाद त्याला येतच नव्हता. वॉर्निशमुळे वीज नीट पसरेना. पुसायला गेलं तर खालचं काळंही निघालं. सगळी खेप वाया गेली. प्रयोगशाळेतले साहेब रागावले नाहीत, म्हणाले, होतं असं. पुढं त्यांनी ते काम यंत्रावर नेलं. साहेब रागावले नाहीत हेच नितेशला जास्त लागलं.

त्या दिवसापासून दाजी डोळे आखायचा, पण चकाकीचा हात दुसऱ्याकडून मारून घ्यायचा.

नितेशच्या पहिल्या खेपेतल्या काही काचांची छोटी पेटी रोह्याच्या एका कॉलेजला मिळाली, पोरांना दाखवायला. तिची देखभाल करायला नितेश तिथंच नोकरीला लागला आणि रोह्याला राहायला गेला. तिकडं दक्षिणेत डोंगर मात्र होता तसाच उभा. लोकांचे आक्षेप, परवानग्या, कोर्ट. बोगदा काही होईना.

दाजीची बायको रंभा आधीच गेलेली, त्यामुळे चूल माझीच. दर गुरुवारी मी डबा भरायची आणि दाजी कासूहून गाडीने रोह्याला जायचा. कॉलेजच्या फाटकावर वॉचमन काळुरामकडे डबा द्यायचा आणि मागच्या खेपेचा रिकामा घेऊन परत.

"आत जा की आजोबा, पोरगा वरच हाय," काळुराम म्हणायचा.

"नको. माझ्या चपलांच्या आवाजानं त्याचे कण बिचकतील."

मी दाजीला विचारलं, असा किती दिवस फाटकावरून परत येणार? म्हणाला, "त्यानं बोलावलं तर जाईन."

"आणि नाय बोलावलं तर?"

"तर डबा हाय की."

नितेश गौरी-गणपतीला आला तेव्हा त्यालाही म्हटलं, "बापाला एकदा बोलव रे आत."

"दाखवू काय, काकी? या पेटीत येतात ते आभाळातले साधे कण. ते कुठंही सापडतात. न्यूट्रिनोला डोंगर पाहिजे. बोगद्याचं काम सुरू झालं की बाबांना तिकडंच घेऊन जातो."

"अरे, मग तोवर साधे दाखव!"

"हसतील ते. म्हणतील, यासाठी भांडलास माझ्याशी?"

मला नाही वाटत दाजी हसला असता. एक ठिणगी पडली की "अजून एक, अजून एक" करत तिथंच बसला असता, गाडी चुकवली असती. पण पोरगा बापाच्याच वळणाचा. डोळे आखल्याशिवाय मूर्तीवरचं फडकं काढायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. काम पुरं झाल्याशिवाय दाखवायचं कसं?

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी, कारखान्यात ऐन घाई असताना दाजी गेला. दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही. दहाव्याला नितेश माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "त्या शेवटच्या गुरुवारी मी वरच्या खिडकीतून बघितलं होतं त्यांना. हाक तोंडात आली होती. तेवढ्यात पोरं तासाला आली. म्हटलं, पुढच्या गुरुवारी."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या गुरुवारी मी वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या. दाजी नेहमीच्या गाडीने गेला. काळुरामकडे डबा दिला, फाटकाजवळच्या कट्ट्यावर थोडा टेकला, रिकामा डबा पिशवीत घातला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आला.

"काय म्हणाला पोरगा?" मी विचारायचं म्हणून विचारलं.

"काय म्हणणार? मागचा डबा चाटूनपुसून रिकामा केलाय. म्हणजे आवडलं असणार."

मग त्याने डबा मोरीवर नेऊन पुन्हा एकदा घासला, माझ्या ओट्यावर पालथा घातला आणि कारखान्यात गेला. तिथं मूर्ती खोळंबल्या होत्या.